ओळंबा

सिमेतेरीची भिंत बांधत होतो तेव्हाची गोष्ट.
वेंगुर्ल्यात, इगर्जीमागं, सुरूच्या बनाच्या अलीकडं,
जिथं आमचे सगळे झोपलेत:
माझा बाप, तीन चुलते, आणि पावलू,
ज्याचं लिव्हर बत्तिसाव्या वर्षी चिरा झालं.

सकाळी सातला एक क्वार्टर पोटात गेली
की माझा हात थांबायचा.
लोक म्हणत, इनास मेस्त प्यायल्याशिवाय
त्याची रेघ सरळ येत नाही.
मला ते कौतुक वाटायचं.

माल द्यायला रोझालीन होती, पावलूची बायको.
तिसऱ्या दिवशी घमेलं उतरवून ती मागं सरली,
एक डोळा मिटला,
म्हणाली, "मेस्त, भिंत भायर गेली."

मी ओळंबा सोडला. तो हलत राहिला.
वाऱ्याला शिवी घातली.
सुरूची एक काडी हलत नव्हती.

"तू कोण गे माका शिकवणारी?
घमेली उचलता उचलता गवंडी झालंस?"
गडी हसले.
ती चुना झाडत म्हणाली,
"ओळंबो खोटा बोलणा नाय. हात तुझो हलता."
आणि मग, फक्त मला ऐकू येईल एवढं,
"पावलूचोय हलायचो."

त्या रात्री मी जास्तच प्यालो.
हे सांगायलाच हवं, कारण खरं ऐकलं
आणि माणूस तिथल्या तिथं सुधारला
अशा गोष्टी मी देवळाच्या बाकावर पुष्कळ ऐकल्यात.
मी तिला शिव्या दिल्या, फादरना दिल्या,
मेलेल्या पावलूलाही,
ज्याला पहिला पेला मीच भरून दिला होता.

जाग आली ती सिमेतेरीत.
दातांत वाळू. पाठ अर्ध्या भिंतीला.
ओळंबा तिथंच लोंबत होता, काढायचा राहिलेला.
रात्रभरात तो थांबला होता.
शिशाचा मूठभर गोळा,
कुणावर रागावलेला नाही,
खाली कुठं आहे
तेवढं दाखवत.

भिंत तीन बोटं बाहेर.

आंजेलची घंटा झाली.
"आमच्या स्वर्गातल्या पित्या" म्हणालो
आणि पुढचं सुचेना.
आमच्या घरी बाप म्हणजे कमरेचा पट्टा.
चूक सापडली की आधी वळ उठायचा,
मग कळायचं काय चुकलं.
भिंत पडू नये म्हणूनही
कुणी चूक दाखवतं,
हे एक्कावन्न वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.
मग आठवलं, येशूसुद्धा सुताराच्या घरचा.
त्यालाही कुणी म्हणालं असेल,
ही कड पुन्हा तास रे पोरा.
आणि त्यानं तासली असेल.

पहार घेतली.
चार थर उतरवले, एकट्यानं, उपाशीपोटी,
मधे दोनदा ओकून.
आठला रोझालीन आली. बघितलं.
पदर खोचला आणि बसली
एकेका चिऱ्याचा जुना चुना खरवडत.
एकही फुटला नव्हता.
तेच पुन्हा लागले.

याला चौदा महिने झाले.
मधे दोनदा घसरलो, एकदा नाताळात,
एकदा काहीच कारण नसताना.
दोन्ही वेळा रोझालीनच्या दारात जाऊन सांगितलं,
मग फादर सांतानना.
तिला सांगणं जास्त कठीण.
मागणं मी आता लहान ठेवतो:
प्रभू, संध्याकाळचे सात वाजेपर्यंत.
सातला पुन्हा मागतो.

सिमेतेरीच्या भिंतीत सांधा दिसतो,
जुना चुना काळवंडलेला, वरचा पांढरा.
फादर म्हणाले, गिलावा काढूया का?
म्हटलं, नको, राहू दे.

सध्या आडेलीत एकाची पडवी चाललीय.
हात अजून हलतो, सकाळी जास्त.
ओळंबा सोडतो, थांबायची वाट बघतो.
"गे रोझालीन," म्हणतो, "बघ."
ती मागं सरते, एक डोळा मिटते.

मी थापी धरून उभा,
ती काय म्हणते याची वाट बघत.